क्रियापद शेवटी, पण तेवढ्यावर भागत नाही

हिंदी शिकणाऱ्या इंग्रजीवाल्यांना शब्दांचा क्रम 'कर्ता-कर्म-क्रियापद' एवढं सांगितलं की वाक्य जमतं, असं कुणी म्हणेल. 'मैं किताब पढ़ता हूँ' जमतं, खरंय. पण प्रश्न विचारायची वेळ आली की गाडी अडते. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या सुरुवातीला जातो, हिंदीत तो सहसा क्रियापदाला खेटून बसतो: 'तुम कहाँ रहते हो?' 'नहीं'सुद्धा तिथेच. म्हणजे क्रियापदाच्या अलीकडची जागा मोक्याची. 'राम ने चिट्ठी लिखी' हे साधं विधान. 'चिट्ठी राम ने लिखी' म्हटलं की भर रामावर, दुसऱ्या कुणी नाही लिहिली. शब्दांची अशी हलवाहलव चालते, कारण कर्ता कोण नि कर्म कोण हे बऱ्याचदा 'ने', 'को' सांगतात, जागा नव्हे. तेही नामाच्या मागून येतात, 'मेज़ पर'सारखे, हे इंग्रजीवाल्यांना उलटंच वाटतं.

वरच्या वाक्यात 'लिखी' झालं ते चिट्ठीमुळे, रामामुळे नाही. 'रामाने चिठ्ठी लिहिली' म्हणणाऱ्या आपल्याला हे फुकटात मिळतं. नवशिक्या इंग्रजीवाल्याला मात्र पहिल्याच धड्यात हे नको, पळून जाईल.