मदत हवी आहे: नोकरीतून प्रोग्रॅमिंग सुधारत नाही, घरचा प्रोजेक्ट करू का?

पऱ्हाटी:
नोकरीला लागल्यापासून तेच फॉर्म, तेच रिपोर्ट. नवीन काहीच शिकणं होत नाही. रात्री स्वतःचा प्रोजेक्ट करावा की ऑफिसच्या कामातच जोर लावावा? लवकर सांगा, याच महिन्यात ठरवायचं आहे.

संत्रानगरी:
भाऊ, भाषा कोणती? टीम किती जणांची? कोड कोणी तपासतं का?

पऱ्हाटी:
भाषा पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल. दारव्ह्याजवळच्या गावातून काम करतो, कंपनी नागपूरची. कोड कोणी पाहत नाही. चाललं की झालं.

वर्धाकाठ:
मग ऑफिसची आशा सोड बावा. मी जिनिंगच्या काट्यासाठी पावतीचा प्रोग्रॅम लिहिला. भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी. इतकंच. पण शेवटच्या नंबरात एक मिळवून पुढचा काढायचा म्हटलं, तर दोन काउंटरवरून एकदम पावती फाटली की दोन गाड्यांना एकच नंबर. ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळ्या पायऱ्या एकत्र पूर्ण नाहीतर एकही नाही, हे मला तिथं समजलं, नोकरीत नाही.

संत्रानगरी:
पटत नाही. हळू चालणारा रिपोर्ट घ्या, त्याच्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, एक्स्प्लेन लावा; ती कशी चालते ते दिसतं. टाइपच्या रकान्यात ‘ऑल’ दिसलं म्हणजे अख्खं टेबल वाचणं चालू आहे. इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी सूची, टाकून परत बघा. लाखो ओळींचा खरा डेटा घरी कुठून आणणार?

वर्धाकाठ:
आणि साहेबानं हातच लावू दिला नाही तर?

गावंडीसॉफ्ट:
लॅपटॉपची रॅम सोळा करा, एसएसडी टाका. लय फरक पडते.

पऱ्हाटी:
रॅमचा प्रश्नच नाही माझा.

कोरडवाहू:
रात्री लाइन राहते का तुमच्याकडे? आमच्या फीडरले थ्री फेज रात्रीच भेटते, हरभऱ्याच्या ओलिताले जा लागते. कोड कधी लिहा माणसानं? कोडचे बदल जपणारं गिट तेवढं बरं, नेट नसलं तरी कमिट, म्हंजे बदलाची नोंद, होते.

संत्रानगरी:
पीएचपी कितवं आहे?

पऱ्हाटी:
७.४.

संत्रानगरी:
त्याचे सिक्युरिटी अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाले! अपग्रेड मागून घ्या, हाच तुमचा प्रोजेक्ट. शून्य आणि अक्षरांची स्ट्रिंग दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडली तर ७ मध्ये ट्रू येतं, ८ मध्ये फॉल्स. असे इफ, म्हणजे अटी, शोधत अख्खा कोड वाचून होतो.

पऱ्हाटी:
साहेबांना उद्याच विचारतो. वर्धाकाठभाऊ, पावतीच्या नंबराचं शेवटी कसं केलं?

वर्धाकाठ:
नंबराचं वेगळं टेबल. सिलेक्ट फॉर अपडेट या कमांडनं ओळ लॉक, म्हणजे दुसरा काउंटर तोवर थांबतो; नंबर वाढव, पावती टाक, कमिट करून सगळं पक्कं. टेबल मायएसक्यूएलच्या इनोडीबी प्रकाराचंच पाहिजे, मायआयसॅम प्रकाराला ट्रान्झॅक्शन नाही.