एका सामन्यात 10 गोल, मग गॉटफ्रीड फुक्स 6च मॅच का खेळला?

गल्लीतला जर्मन: वर्ल्ड कप आला की आमच्या पेठेत अर्जेंटिना नाहीतर ब्राझील. मी एकटाच जर्मनीवाला, त्यामुळं बोलणी खायची सवय हाय. परवा कट्ट्यावर म्हटलं, जर्मनीच्या फुक्सनं 1912 च्या ऑलिंपिकमध्ये रशियाला एकट्यानं 10 गोल हाणलेत, मॅच 16-0. पोरं म्हणत्यात, "सोडतोस काय भावा? एवढा भारी हुता तर देशाकडनं 6च मॅच कशा?" ह्याला काय उत्तर द्यायचं?

जुना सेंटर हाफ: 10 गोल खरे आहेत. 1 जुलै 1912, स्टॉकहोम. दुसऱ्याच मिनिटाला पहिला, 69 व्या मिनिटाला दहावा. हाफ टाइमला 8-0, नंतर परत 8. पोरांना एवढं सांग की 6 सामन्यांत त्याचे 13 गोल आहेत. रशियाचे 10 सोडले तर उरले 3. म्हणजे रोज दिवाळी नव्हती. पण त्या काळी देशाचे सामने वर्षाला मोजकेच व्हायचे, त्यामुळं 6 आकड्यावरनं गड्याची किंमत करू नका. त्याचं खरं नाव झालं ते क्लबात. कार्ल्सरुहेर एफव्ही 1910 ला जर्मनीचा चॅम्पियन, फायनलला होल्स्टाइन कीलवर 1-0. आघाडीला फोर्डेरर, फुक्स आणि हिर्श, कोच विल्यम टाउनली नावाचा इंग्रज. 1913 नंतर फुक्स देशाकडनं खेळला नाही, आणि 1914 ला महायुद्धच लागलं. सगळे मैदानावरनं आघाडीवर.

गॅलरीतनं: रशियाचीपण बाजू ऐका की. आदल्या दिवशीच फिनलंडकडनं 2-1 हरली होती, तो त्यांचा पहिलाच अधिकृत सामना. बदली खेळाडू नाही, दुसऱ्या दिवशी परत मैदानात. आपल्याकडं सलग दोन दिवस मॅच लावली तर केवढी बोंबाबोंब होते! आणि जर्मनी तरी काय, ऑस्ट्रियाकडनं 5-1 मार खाऊन हरलेल्यांच्या वेगळ्या स्पर्धेत आलेली. तिथनं पुढं हंगेरीनं पण 3-1 नं हरवलंच.

गल्लीतला जर्मन: हिर्शपण त्या मॅचला होता काय?

जुना सेंटर हाफ: रशियाविरुद्ध नव्हता. त्याची मॅच म्हणजे त्याच वर्षी मार्चमधली नेदरलँड्सची, 5-5. त्यात हिर्शचे 4, फुक्सचा 1. दोघंही ज्यू, दोघंही पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढले, दोघांना आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक. 1933 ला ज्यूंना काढायचं क्लबांनी ठरवल्याचं हिर्शनं पेपरात वाचलं आणि स्वतःच राजीनामा पाठवला. 1 मार्च 1943 ला त्याला आउशवित्झच्या नाझी छळछावणीत पाठवलं, तिथनं तो परत आला नाही. फुक्स 1937 ला देश सोडून निघाला, शेवटी कॅनडात पोचला आणि गॉडफ्री फॉक्स झाला. नाझींच्या काळात राष्ट्रीय खेळाडूंच्या यादीतनं दोघांची नावं उडवली होती. तू "वगळला काय" विचारलं नाहीस, पण वगळला तो असा, मैदानातनं नव्हे.

मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. 1954 चा वर्ल्ड कप जिंकून देणारा कोच झेप हेरबेर्गर पोरवयात फुक्सचा भक्त. 1972 ला म्युनिकच्या नव्या स्टेडियममध्ये सोव्हिएत संघाशी मॅच होती. त्यानं जर्मन महासंघाला सुचवलं, फुक्सला पाहुणा म्हणून बोलवा. महासंघ म्हणाला, नको, तसा पायंडा पडेल. पायंडा! 10 गोल मारणारे असे किती जण रांगेत उभे होते? फुक्स तर त्याच फेब्रुवारीत माँट्रियलला वारला होता. हिर्शच्या नावानं महासंघ पुरस्कार देतो, पण तो 2005 पासनं.

गॅलरीतनं: जगातला विक्रम मात्र मोडलाय, हे पोरांना आधीच सांगून टाक, नाहीतर तीच तुला धरतील. 2001 ला ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसननं अमेरिकन सामोआला 13 मारले, मॅच 31-0. जर्मनीकडनं मात्र 10 च्या पुढं अजून कोण गेलेलं नाही, गोलांसाठी गाजलेला गेर्ड म्युलरसुद्धा नाही.

गल्लीतला जर्मन: म्युलरचं नाव घेतलं की ब्राझीलवाली गप्प बसत्यात. झालं माझं काम.