डिझाइन दाखवायचं कुणाला आणि ऐकायचं किती?

महालकर : डिझाइन ग्रुपवर टाकून 'कसं वाटतंय?' विचारणं बंद करा. चार अंगठे, एक 'मस्तच' आणि कुणाचं तरी 'रंग बदलून बघ', यापलीकडे काही हाती लागत नाही. नेमकं विचारा. सध्या संत्रा बर्फीच्या खोक्याचं काम सुरू आहे, चित्र खाली जोडलंय. खोका दोन हात लांब धरून मी एवढंच विचारतो : आधी काय वाचलंत? 'शुद्ध शाकाहारी' असं उत्तर आलं तर मांडणी बदलायची. रंग आवडला की नाही, हे मी विचारतच नाही.

बर्डीवाला : पटलं नाही. दहा जणांना विचारलं की खिचडी ठरलेली. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या पाट्या बघा, मालकासोबत त्याच्या मेहुण्याचंही मत त्यात दिसतं. 'लोगो मोठा करा', 'इथं जागा रिकामी आहे, फोन नंबर टाका'. कळणाऱ्या एकालाच दाखवा. बाकीचे बघतीलच छापून आल्यावर.

तर्रीपोहे : काहून बे, गिऱ्हाईक अडाणी आहे का? 'लोगो मोठा करा' म्हणतो कारण रस्त्यापलीकडून त्याला स्वतःच्या दुकानाचं नाव वाचता येत नाही. अडचण खरी आहे, उपाय चुकला. आजूबाजूची गर्दी काढ, नाव आपोआप दिसते. पण आपण 'याला काय कळतं' म्हणून मोकळे.

अक्षरवेडी : महालकर, चित्र पाहिलं. 'संत्रा बर्फी'ची अक्षरं सुटी केल्यामुळे शिरोरेषा तुटलीय. रोमन कॅपिटल्सना ते शोभतं. इथे 'सं' एकीकडे, 'त्रा' दुसरीकडे. दुसरं, नारिंगीवर पांढरी अक्षरं. वेबवरचं सगळ्यांना वाचता यावं म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. नेहमीच्या नारिंगीवर पांढरं जेमतेम २:१ भरतं. खोका म्हणजे स्क्रीन नाही हे मान्य, पण वाचणारे डोळे तेच ना! आणि तर्रीपोहे, गिऱ्हाईक यातलं काही बोलून दाखवणार नाही. शेजारचा खोका उचलेल.

बर्डीवाला : झालं ना माझंच म्हणणं! एक जाणकार पुरला.

महालकर : कसा पुरेल? आधी काय दिसतं, हे जाणकाराला विचारून उपयोग नाही. खोका कशाचा आहे हे त्याला ठाऊकच असतं, वर तो शिरोरेषाच बघत बसतो (अक्षरवेडी, राग नको). दोघांनाही विचारायचं, पण प्रश्न वेगळे. शिरोरेषा आजच जोडतो. पांढरं मात्र सोडवत नाही.

इतवारी प्रेस : तुम्ही सगळे भांडता, पण छापणाऱ्याला कोणी विचारत नाही. मोबाइलवर झळकणारा हा संत्रा रंग आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचा आहे. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार शायांत गेला की फिका पडणार. मग फाइल फायनल झाल्यावर आमच्या काउंटरवर येऊन म्हणता, 'मशीन बिघडली का जी?' तोच झळाळ हवा असेल तर नारिंगीची वेगळी शाई, म्हणजे पाचवा रंग. हे पहिल्या ड्राफ्टलाच विचारा की.

महालकर : हजार खोक्यांना पाचवा रंग परवडेल?

इतवारी प्रेस : हजारात नाही परवडत. नारिंगी फिकाच धरून चाला अन् अक्षरं गडद तपकिरी करा. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना काढून देतो, मालकाला घेऊन या. मेहुण्याला नका आणू.