डीपफेकला मराठीत काय म्हणावं: नक्कल, जाली की तोतया?

परभणीकर: कॉलेजसाठी सायबर जागृतीचं पत्रक करायलोय. डीपफेकला, म्हंजे एआयनं बनवलेल्या खोट्या व्हिडिओला, 'नक्कल चित्रफीत' लिहिलं, तर सरांनी लाल पेनानं खोडलं. म्हणे, "नक्कल तहसीलची असते, अन् ती खरी असते!"

जुना अर्जनवीस: सरांचं बरोबर. आजोबा जमिनीच्या खासरा पत्रकाची नक्कल काढायला दिवसभर बाकड्यावर बसायचे. शिक्का उमटला की धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी. खोटी निघाली तर ती 'जाली'. 'जाली व्हिडिओ' लिहा, बाभळगावच्या म्हातारीलाही कळंल.

शुद्धमती: जाली कशाला? उर्दू आहे. 'कृतक चित्रफीत' म्हणा.

जुना अर्जनवीस: तहसील, शिक्का, अर्ज काढून टाका बरं आधी. मग बोलू.

गोदाकाठ: कायद्याच्या मराठीत तयार शब्द आहे की. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ६६डी: तोतयेगिरी करून ठकवणूक. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघालाच होता. तोतया म्हंजे तोत्यासारखं पढवलेलं बोलणारा.

परभणीकर: ही व्युत्पत्ती कुठली?

गोदाकाठ: आमच्या मास्तरांची.

वकीलीण, बीड: व्युत्पत्ती राहू द्या. तोतया अंग स्वतःचं आणतो, नाव दुसऱ्याचं लावतो. इथं चेहराच चोरीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगावर बसवला होता, आठवतं? शिवाय ६६डीला ठकवणूक लागते. नुसती बदनामी केली तर ते कलम लंगडं पडतं. अश्लील असेल तर ६७, ६७ए. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मात्र 'कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमा' असा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रारीनंतर हटवायची मूळ मुदत २४ तास होती.

शुद्धमती: बघा, 'कृत्रिम'. माझ्या 'कृतक'चाच भाऊ.

गोदाकाठ: मग 'सोंग' का नको? आमच्याकडं रायरंद, म्हंजे बहुरूपी, फौजदार होऊन यायचा, "वॉरंट हाय, चला ठाण्यावर!" आजी खरंच रडायला लागली होती.

वकीलीण, बीड: पण शेवटी पसाभर ज्वारी मागताना तो सांगायचा ना, सोंग आहे म्हणून? हा व्हिडिओ तेच सांगत नाही. सगळं भांडण तिथंच आहे.

लातूरची लेक: रायरंद नाही हो, रायंदर.

गोदाकाठ: जालन्याकडं रायरंदच.

परभणीकर: उद्या छपाईला द्यायचंय हो!

जुना अर्जनवीस: सायबर तक्रारीचा १९३० नंबर मोठ्या अक्षरात टाक. अन् रायंदरच बरोबर.