मदत हवी आहे: मार्कांशियाचा जास्मोनेट आणि ‘आधी कोण?’ हा घोळ

नमस्कार मंडळी, वनस्पतिशास्त्रवाल्यांनी जरा डोकं लावा. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी वनस्पती-संप्रेरकांची उत्क्रांती हा विषय घेतलाय आणि एका जागी गाडी अडलीय.

मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसचं पान अळीने कुरतडलं की जास्मोनेट-आयसोल्यूसिन हे संरक्षणाचं संप्रेरक तयार होतं. ते सीओआय१ हा ग्राही (संप्रेरक ओळखणारं प्रथिन) आणि जॅझ प्रथिन यांना एकत्र धरून ठेवतं. मग जॅझची विल्हेवाट लागते आणि त्याने दाबून ठेवलेली संरक्षणाची जनुकं कामाला लागतात. इथवर ठीक.

मार्कांशिया या लिव्हरवर्टमध्येही (मॉससारखी फुलं नसलेली, जमिनीलगत वाढणारी वनस्पती) सीओआय१ आहे, जॅझही आहे (एकच, अरॅबिडॉप्सिससारखे तेरा नाहीत!). पण ते जास्मोनेट-आयसोल्यूसिन बनवतही नाही आणि ओळखतही नाही. त्याचं संप्रेरक डायनॉर-ओपीडीए, जास्मोनेटचाच नातलग रेणू. २०१८ साली दाखवलं गेलं की हा फरक मुख्यतः ग्राहीतल्या एका अमिनो आम्लामुळे पडतो: मार्कांशियात व्हॅलिन, अरॅबिडॉप्सिसमध्ये अॅलॅनिन. कुलूप जवळजवळ तेच, किल्ली वेगळी.

प्रश्न असा: आधी काय बदललं? ग्राही आधी बदलला तर नवा रेणू येईपर्यंत झाड बिनसंरक्षण राहिलं असतं. रेणू आधी आला तर त्याला ओळखणारं कोण होतं? मधल्या काळात ग्राही दोन्ही रेणू चालवून घेत असावा, असा माझा अंदाज आहे. हे तपासायला नेचे आणि लायकोफाइट (बिया नसलेल्या, नेच्यांहून जुन्या वंशाच्या वनस्पती) यांचे ग्राही पाहावेत की आणखी कुठला गट? कुणी यावर काम केलं असेल तर सुरुवात कुठून करू तेवढं सांगा. ‘निवड झाली म्हणून बदललं’ छाप उत्तरं कृपया नकोत, ती गाइडकडून ऐकून झालीत.