मदत हवी आहे: शाळेच्या परसबागेतली भाजी मुलांच्या पोटात कशी जाईल?

माणदेशी_आई

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून ८६ मुलं आहेत आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे.

पावसाळ्यात आम्ही सात-आठ आयांनी मिळून शाळेमागं परसबाग केली. दगड वेचले, शेणखत घातलं. पालक, मेथी, राजगिरा चांगला तरारून आला. आठवड्यातून दोनदा भाजी खिचडीत पडू लागली. परवा जेवणाच्या सुट्टीनंतर मी नळावर गेले, तर मोरीच्या जाळीवर हिरव्या पानांचा थर बसलेला. मुलं एकेक पान काढून ताटाच्या कडेला ठेवतात आणि ताट धुताना सोडून देतात. दोन महिने आमचा पालक मोरीत जात होता. मला तिथंच रडू आलं.

एक आई म्हणाली, "घरी खात नाहीत ते शाळेत कशाला खातील? आपण तरी कुठं खातो?" तिचं खरं आहे. आमच्याकडे भाजी यायची ती आठवडी बाजारातून. दोन-तीन दिवस पुरते, मग पिठलं, बटाटा, चटणी-भाकरी. गावातल्या दुकानात ताजी पालेभाजी मिळत नाही, पाच रुपयांची पाकिटं मात्र दारातच लटकलेली असतात. मुलं सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत येतात.

मुलं भाजी खातील असं काय करू? फेब्रुवारीनंतर आमच्याकडे पाण्याची बोंब होते, तेव्हा बाग कशी टिकवू? आणि एक वेगळं विचारते. चौथी-पाचवीच्या मुली सुट्टीत नुसत्या भिंतीला टेकून बसतात, मैदान सगळं मुलांच्या क्रिकेटचं. त्यांना खेळतं कसं करायचं? शाळेत असं काही केलेल्यांनी कृपया लिहा.

खडू_फळा

ताई, आधी वाईट वाटून घेऊ नका, आमच्याही शाळेत पहिल्या वर्षी हेच झालं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली चिरण्याची. पान मोठं चिरून शेवटी वरून टाकलं की ते बुळबुळीत लागतं आणि ताटात उठून दिसतं. आमच्या मावशी आता पालक अगदी बारीक चिरतात, लसणाच्या फोडणीत आधी परततात आणि मग त्यावर डाळ घालतात. रंग मिसळून जातो, वासही चांगला येतो. पण नुसतं लपवून भागत नाही. घरी पुन्हा पान दिसलं की मुलं नाहीच म्हणणार.

म्हणून दुसरी गोष्ट. आम्ही एकेका वर्गाला एकेक वाफा दिला. पेरायचं त्यांनी, पाणी त्यांनी घालायचं, खुडायचं आणि निवडायचंही त्यांनीच. शिजवणाऱ्या मावशींना जुडी नेऊन द्यायचा मान त्या वर्गाचा. तिसरीने निवडलेली मेथी तिसरीच्या ताटात मी उरलेली पाहिली नाही.

एक हिशेबही करून ठेवा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. तुमच्या ८६ मुलांना म्हणजे दिवसाला ४ किलो ३०० ग्रॅम. एवढी भाजी शाळेमागच्या वाफ्यांतून रोज निघणार नाही, तेव्हा बाजारातली भाजी बंद करू नका. परसबागेकडून ताजा पाला, कोथिंबीर, कढीपत्ता, लिंबू एवढंच मागा. समितीत कुणी "आता बाग आहे ना, भाजीचा खर्च कशाला" म्हणालं तर हा आकडा समोर ठेवा.

हिरवं_ताट

मी आहारतज्ज्ञ आहे. वरचं सगळं पटलं, एका जागी मात्र सावध करते. पालेभाजी खाल्ली की रक्त वाढेल असं आयांना सांगू नका. पानांतलं लोह शरीर फार थोडं घेतं. सोबत लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असला तर जास्त घेतं. चहाने उलट होतं. म्हणून जेवणाच्या आगेमागे चहा नको, तासाभराचं तरी अंतर हवं.

लहान मुलांत रक्त कमी असेल तर भाजीने ते भरून निघत नाही. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी असते, १० वर्षांपुढच्यांना निळी. शाळेत ती नेमाने दिली जाते का, रिकाम्या पोटी तर देत नाहीत ना, हे समितीने विचारावं. जंताची गोळीही चुकवू नका. पोटात जंत असले तर चांगलं खाल्लेलंही अंगी लागत नाही.

आणि ताई, चहा-बिस्किटाऐवजी तुमच्या भागातलंच हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, का नाही? हुलगा कोरडवाहूत येतो आणि त्यात प्रथिनं भरपूर असतात.

कोरडवाहू

पाण्याचं मी सांगतो. पालक, मेथी हिवाळ्यापुरतीच ठेवा, उन्हाळ्यात त्यांच्या मागे लागू नका. त्याऐवजी शेवगा लावा. कुंपणाच्या कडेने आठ-दहा फुटांवर एकेक झाड, चार-पाच पुरेत. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात आणि पाला हाताशी राहतो. शेवग्याची पीकेएम-१ किंवा दापोलीची कोकण रुचिरा ही जात मिळाली तर बघा. मुळाशी पाणी साचू देऊ नका, एवढंच त्याला सोसत नाही.

वेलवर्गीय भाजीला मडका पद्धत करा. मातीचं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं आणि भोवती दोडका, घोसाळी लावायची. मडकं झिरपतं तेवढंच पाणी मुळं ओढतात, उन्हात वाया जात नाही. वाफ्यावर कडुनिंबाचा वाळला पाला अंथरा.

हात धुतलेलं पाणी वाया घालवू नका. साबणाचं असतं, म्हणून पालेभाजीला नको. खडी-वाळूच्या खड्ड्यातून सोडून शेवग्याकडे न्या.

लंगडी_पट्टू

मुलींबद्दल: मैदानावर चुन्याने खो-खोचे चौकोन कायमचे आखून टाका आणि आठवड्यातले दोन दिवस पूर्ण मैदान मुलींचं, हे मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला जाहीर करावं. आमच्याकडे मुली खेळायला नको म्हणत नव्हत्या, त्यांना जागाच नव्हती. पाचवीपुढे तर घरकामातून खेळायला सवड आणखी कमी होते. आत्ता लागलेली सवय राहते.

माणदेशी_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पाच वर्गांना पाच वाफे दिले. पहिलीवाल्यांनी मेथीबरोबर थोडं गवतही खुडून आणलं, मावशींनी कौतुक करून ते बाजूला काढलं. भाजी आता बारीक चिरून फोडणीत जाते, ताटावर लिंबाची फोड असते. काल पुन्हा मोरीची जाळी बघितली. पानं होती, पण मुठीत मावतील एवढीच. गोळ्यांचं विचारलं, तर मधले काही आठवडे राहिल्याच होत्या. आता दर सोमवारी जेवणानंतर देतात आणि एक पालक हजर असतो. मंगळवार-शुक्रवार मैदान मुलींचं झालं. पहिल्या दिवशी मुलं रुसली, नंतर खो-खो बघायला येऊन बसली.

हुलग्याचं माडगं पालकसभेत करून वाटलं. म्हाताऱ्या बायांनी दोनदा घेतलं, मुलांनी तोंड वाकडं केलं. गूळ घालून बघावं का? कुणी लहान मुलांना आवडेल असं माडगं करत असेल तर सविस्तर कृती लिहा. आणि कोरडवाहू दादा, शेवगा बी टोकून लावू की फांदी रोवून?