एफएससीके दरवेळी त्याच ब्लॉकवर अडतंय. २ टीबी डिस्क, मामांची पायपेटी आहे त्यात

पायपेटी

नमस्कार. कुडाळहून लिहितोय. सगळं एकदाच सांगतो, म्हणजे उलट प्रश्न विचारायला लागणार नाहीत.

२ टीबीची यूएसबी पोर्टेबल डिस्क, एकच पार्टिशन, ईएक्सटी४ फाइलसिस्टीम. पीसीवर डेबियन १२ लिनक्स. परवा रात्री कॉपी चालू असताना लाईट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच उतरलेली. त्यानंतर डिस्क माउंट होत नाही. एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) लावलं तर पहिल्याच टप्प्यात थांबतं. डिस्कमधून हलकं टिक-टिक, अर्धा मिनिट काहीच नाही, आणि मग:

एरर रीडिंग ब्लॉक १५३६१७४०० (शॉर्ट रीड) व्हाइल गेटिंग नेक्स्ट आयनोड फ्रॉम स्कॅन. इग्नोअर एरर?

हो म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न: फोर्स रीराइट? इथे माझा हात थांबला. कंट्रोल-सी दाबून बाहेर आलो. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तोच ब्लॉक. डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) मीडियम एरर, सेक्टर १२२८९४१२४८.

डिस्कवर २०१२ ते २०१९ मधली दशावताराची रेकॉर्डिंगं आहेत. माझे मामा एका दशावतारी नाटक कंपनीत पायपेटी (पायाने भाता चालवायची हार्मोनियम) वाजवायचे. जत्रांचे दिवस आले की मी त्यांच्याबरोबर जायचो आणि रंगमंचाच्या कडेला, पेटीपासून हातभर अंतरावर रेकॉर्डर ठेवायचो. मामा २०२० मध्ये गेले. अर्ध्याची दुसरी कॉपी आहे, अर्ध्याची नाही. ती करायला घेतली होती तेव्हाच लाईट गेली.

वाय पर्याय (सगळ्या प्रश्नांना आपोआप हो) देऊन रात्रभर सोडून देऊ का? ऑफिसमधला एकजण म्हणतो तसंच करतात.

सोल्डरिंग

आधी केबल बदला, हब काढून टाका, पीसीच्या मागच्या पोर्टला थेट लावा. मग स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत दाखवणारी आज्ञा) १९९ नंबरचा, म्हणजे केबलवरच्या चुकांचा आकडा बघा, तो वाढत असेल तर वायरिंगचा घोळ असण्याची शक्यता आहे. शक्य असेल तर डिस्क डबीतून काढून पीसीच्या आतल्या साटा पोर्टला जोडा. तरीही एरर आली तर एफएससीकेला सी पर्याय द्या, खराब ब्लॉक शोधून यादीत टाकतो, फाइलसिस्टीम परत त्यांना हात लावत नाही.

रात्रपाळी

पायपेटी, थांबलात ते फार बरं केलंत. वाय अजिबात देऊ नका.

तो दुसरा प्रश्न काय विचारतो ते सांगतो. ब्लॉक वाचता आला नाही की एफएससीकेच्या हातात त्या जागी शून्यं भरलेला बफर असतो. फोर्स रीराइटला हो म्हटलं की तीच शून्यं डिस्कवर लिहिली जातात. डिस्क लिहिताना खराब सेक्टर बदलून राखीव जागेतला देते, त्यामुळे एरर गायब होते आणि माणसाला वाटतं दुरुस्त झालं. पण पाचव्या-सहाव्या प्रयत्नात कदाचित वाचता आला असता तो मजकूर कायमचा गेलेला असतो.

तुमचा ब्लॉक आयनोडच्या (फाइल डिस्कवर कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींच्या) तक्त्यातला दिसतोय. एक आयनोड २५६ बाइट, ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणजे एका ब्लॉकमध्ये १६ फाइलींचे पत्ते. आवाज दुसरीकडे धडधाकट पडलेला असेल, पण तो कुठून कुठपर्यंत आहे हे फक्त इथेच लिहिलेलं आहे. वायने ही सोळाची ओळ पुसली गेली असती.

सोल्डरिंग यांचं केबलचं म्हणणं बरोबर आहे, पाच मिनिटांचं काम आहे, कराच. मात्र मीडियम एरर म्हणजे डिस्क स्वतःच सांगतेय की चकतीवरून वाचता येत नाही. केबल खराब असती तर तोच सेक्टर तीनदा आला नसता. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना यूएसबी थेट बोर्डावरच असतं, साटा नसतंच, त्यामुळे डबी फोडायला जाऊ नका. आणि सी पर्यायाला माझा विरोध आहे. तो अख्खी डिस्क तासन् तास वाचतो आणि वाचलेलं कुठेच साठवत नाही. मरत्या डिस्कला तेवढं वाचायला लावायचंच असेल तर ते वाचन कॉपीसाठी वापरा.

स्मार्टसीटीएलचे १९७ (वाचता न येणारे सेक्टर) आणि ५ (बदलून दिलेले सेक्टर) नंबरचे आकडे इथे टाका. यूएसबीमुळे स्मार्टसीटीएल काही दाखवत नसेल तर 'डी सॅट' पर्याय द्या. तोवर डिस्क काढून ठेवा.

पायपेटी

केबल बदलली, फरक नाही. ५ वर शून्य, १९९ वर शून्य. १९७ काल रात्री २४ होता, आज सकाळी ४०. घरी एकजण म्हणाला डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेव.

रात्रपाळी

फ्रीज नको! कोकणातल्या दमट हवेत बाहेर काढल्याबरोबर पाणी सुटेल, आणि हेड चकतीपासून केसाहूनही कमी अंतरावर फिरतं.

२४ चे ४० म्हणजे आठआठने वाढतंय. या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा, बाहेर दाखवताना ५१२ चे आठ. म्हणजे खऱ्या पाच जागा खराब. दुरुस्ती आता विसरा, आधी प्रत.

जास्त मोठी नवी डिस्क आणा, ४ टीबी घ्या. डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारं साधन) अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, त्यावर फाइल म्हणून काढा आणि मॅप फाइल (काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद) न चुकता द्या. ती पीसीच्या आतल्या डिस्कवर ठेवा. लाईट गेली तर डीडीरेस्क्यू तिच्यावरूनच जिथे होतं तिथून पुढे जातं, ती नसेल तर सगळं पहिल्यापासून. पहिल्या फेरीत एन पर्याय द्या, म्हणजे सोपं ते सगळं आधी पदरात पडतं आणि खराब जागा खरवडायच्या राहतात. दुसऱ्या फेरीत त्याच मॅपवर आर३ (खराब जागा तीनदा परत वाचून बघणं) आणि डायरेक्ट वाचनाचा डी. डिस्क उभी ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या, यूपीएसची बॅटरी आधी बदला.

इमेज झाली की मूळ डिस्क कपाटात. इमेज आधी फक्त-वाचन आणि नोलोड देऊन माउंट करून पाहा, जर्नलला (अर्धवट राहिलेल्या लिखाणाच्या नोंदवहीला) हात न लावता जे उघडतं ते उपसून घ्या. माउंट झाली नाही तर इमेजची दुसरी प्रत काढून तिच्यावर एफएससीके. मूळ डिस्कवर यापुढे एकही लिखाण नाही.

मी हे २०११ मध्ये उलट्या क्रमाने केलं होतं. मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो होते, वाय देऊन झोपलो. सकाळी एरर एकही नव्हती आणि लॉस्ट अँड फाउंड फोल्डरमध्ये फाइलींच्या नावांऐवजी नुसते नंबर होते.

पायपेटी

पाच दिवसांनी लिहितोय. यूपीएसची बॅटरी सावंतवाडीहून आणली, डिस्क कुरियरने आली.

माझ्या पीसीला यूएसबी २ च आहे, त्यामुळे पहिल्या फेरीला १९ तास लागले. मध्ये दोनदा लाईट गेली, यूपीएसने धरलं. फेरीच्या शेवटी २०४८० बाइट राहिले होते, तुम्ही म्हणालात त्याच पाच जागा. मग आर३ लावून बसलो. पहिल्या दोन प्रयत्नांत काही नाही. तिसऱ्यात आकडा १६३८४ झाला, मग १२२८८, मग ८१९२. तिथे थांबला. परत आर१० देऊन पाहिलं, तेवढाच.

मॅप उघडून बघितलं तर १५३६१७४०० सुटलेल्यांत होता. सोळाची ओळ परत आली. इमेज फक्त-वाचन माउंट झाली आणि सगळे फोल्डर नावासकट उघडले.

राहिलेल्या दोन जागा कुठे आहेत ते कसं बघायचं? सगळ्या फाइली ऐकायला महिने जातील.

रात्रपाळी

वा! डीडीरेस्क्यूलॉगने (मॅप फाइल वाचणारं साधन) खराब ब्लॉकची यादी ४०९६ च्या मापात काढा. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरला, म्हणजे ४०९६ च्या मापात २५६ वर सुरू होतं, म्हणून प्रत्येक आकड्यातून २५६ वजा करा. मग डीबगएफएसमध्ये (फाइलसिस्टीम आतून बघायचं साधन) आयचेकला तो आकडा दिला की आयनोड मिळतो, आणि एनचेकला आयनोड दिला की फाइलचं नाव.

पायपेटी

केलं. एक ब्लॉक कुणाच्याच मालकीचा नाही, मोकळी जागा. दुसरा २०१६ च्या एका जत्रेच्या वेव्ह फाइलमध्ये आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ. ४०९६ बाइट म्हणजे सेकंदाचा त्रेचाळिसावा भाग. ती जागा काढून ऐकली. संकासूर (दशावतारातलं राक्षसाचं पात्र) नुकताच आलाय, लोक हसतायत, मामांनी पेटीवर सूर धरलाय आणि मध्ये एकदाच 'टक्' होतं. झांजेचा कोणीतरी चुकीचा ठोका दिल्यासारखा वाटतो.

तो तसाच ठेवलाय. एक प्रत आज पुण्याला बहिणीकडे पाठवली. मूळ डिस्क मामांच्या पेटीच्या खोक्यात ठेवलीय.